दारात अडकलेली बाज

सयाजीने बाज विणायला घेतली ती केवळ हात गप्प बसत नव्हते म्हणून. एवढ्याशा कारणावरून पुढे अख्खी आळी छाती बडवत त्याच्या दारात जमेल, असं कुणी सांगितलं असतं तर त्याने मुकाट्याने तंबाखू मळायला घेतली असती.

दिवस वाईट होते. लढाई चालू होती. कडेगावच्या बाजारात रॉकेल मिळत नव्हतं, गावोगाव पोलिसांच्या धाडी पडत होत्या, आणि सयाजीचा एकुलता एक मुलगा अर्जुना पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होता. दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन वेशीत दिसला की सयाजी गोठ्यात शिरायचा. पत्र असलं तर तो हाक मारीलच, आणि तार असली तर तेवढीच उशिरा कळेल, असा त्याचा विचार. (धनी येऊन नुसता तोंडाकडे का बघत बसतो, हे म्हशीला कळत नव्हतं.) त्याच्या बायकोने, बनूबाईने, तर घरात पोराचं नावच बंद केलं होतं. नाव निघालं की तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची.

अर्जुना ताडमाड. जुन्या बाजेवर त्याचे पाय बाहेर लोंबायचे. रजा संपून निघताना तो हसत म्हणाला होता, "आबा, परत येईन तवा माज्या मापाची बाज करून ठेवा."

तेच वाक्य सयाजीच्या डोक्यात बसलं. त्याने सुताराकडून बाजेचे चार पाय, म्हणजे खूर, आणि लाकडं करून घेतली आणि बनूबाई मळ्यात गेली की एकेक करून मागच्या खोलीत नेली. तिच्यापासून लपवायचं, कारण माणूस यायच्या आधी त्याची तयारी करू नये, दृष्ट लागते, असं ती मानायची. सयाजीही मानायचा. पण हात मानत नव्हते.

घायपाताचा वाख, म्हणजे पानांचे धागे, भिजवायचा, मांडीवर पीळ द्यायचा, सुतळी लांबवत न्यायची. या कामाची एक गंमत होती. मनात पोस्टमन आला की पीळ सैल पडायचा आणि उलगडून पुन्हा वळावं लागायचं. त्यामुळे हातच सयाजीला सांगायचे, गड्या, आता विचार नको. गेल्या कित्येक महिन्यांत सयाजीला स्वस्थ असं वाटलं ते त्या अंधाऱ्या खोलीतच. त्याला तिथे रडूही येत नव्हतं. बाज फार देखणी झाली.

मग त्याने ती बाहेर काढायला घेतली.

बाज आडवी निघेना, तिरकी निघेना, कुशीवर घातली तर पुढचे खूर दाराबाहेरच्या बोळाच्या भिंतीत रुतून बसले. लाकडं एकेक करून आत गेली होती. जोडलेली बाज त्याच दारातून बाहेर कशी येणार, हा विचार बाज करणाऱ्याने करायचा असतो. सयाजीने अर्जुनाचं माप घेतलं होतं, दाराचं राहिलं होतं.

त्याने शेजारच्या निजाम पिंजाऱ्याला बोलावलं. निजामने बाज बघितली, दार बघितलं, मग सयाजीकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"उसव की, गड्या. भाईर नेऊन परत वीण."

"पोराच्या नावानं विणलेली उसवू? जिभंला काय हाड हाय का न्हाई?"

"चुकलंच माजं," निजाम कानाला हात लावून म्हणाला. "मग वर छपराला दोन पत्रं हायती, ती काढूया."

पत्रे काढले. सयाजी भिंतीवर चढला, निजामने खालून बाज डोक्यावर घेतली आणि वर रेटली. ती निघाली, पण उलटी. चारी खूर आभाळाकडे.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याची बाज उलटी करतात. पाण्याची घागर घेऊन निघालेल्या आळीतल्या हरणाबाईला छपराच्या वर ते चार खूर दिसले, आणि भिंतीवर डोक्याला फडकं गुंडाळलेला सयाजी दिसला. घागर खाली पडली.

"अर्जुना रंऽऽ! कसा गेलास रं लेकरा!"

सयाजीने ते ऐकलं. बाजेचा त्याला पार विसर पडला. आपण हितं खुळ्यागत छपरावर, आणि तिकडं तार आली, एवढंच त्याला कळलं. तो भिंतीवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. तो रडतोय म्हटल्यावर आळीची खात्री पटली. बायका पदर तोंडाला लावून धावल्या, पुरुषांनी डोईची मुंडाशी काढली. आत निजामही हमसून रडत होता. (डोक्यावर बाज असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते.)

मळ्यातून बनूबाई आली. ती रडली नाही. गर्दीतून सरळ भिंतीखाली येऊन उभी राहिली.

"तार कुटं हाय?"

"हरणाबाईला ठावं," वरून सयाजी म्हणाला.

"मला कुटनं? भावजी, तुमीच तर बाज उलटी केलीसा!"

"बाज व्हय? ती दारातनं निघंना म्हून..."

"म्हंजी तार आली न्हाई?" बनूबाईने विचारलं.

"मला कुनीच काय सांगितलं न्हाई!" सयाजी वरून ओरडला.

पुरुषांनी मुंडाशी परत बांधायला घेतली. मग आतून निजामचा आवाज आला, "आरं, तार न्हाई तर बाज तरी उचला. मान मोडली माजी!"

बाज अंगणात उतरली. आता बनूबाई आपल्याला फाडून खाणार म्हणून सयाजी कोपऱ्यात उभा राहिला. पण ती बाजेपाशी बसली. बाज कुणाच्या मापाची, हे तिला सांगावं लागलं नाही. ती विणीवरून हात फिरवत गेली, आणि एका जागी थांबली.

"हितं पीळ सैल पडलाय."

"तवा पोस्टमन आला हुता," सयाजी म्हणाला.

त्यावर बनूबाई मोठ्याने रडली, दिवाळीपासूनचं सगळं रडली. आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आटोपून ती त्याच्यासमोर वाख घेऊन बसली. त्यानंतर दोघांनी मिळून इतकी सुतळी वळली की गावातल्या साऱ्या बाजा नव्या झाल्या. वळता वळता बनूबाई अर्जुनाचं नावही घेऊ लागली.

पुढे लढाई संपली. तरी पत्र नाही, तारही नाही. आणि एका सकाळी, ओसरीवर सुतळी वळत बसलेल्या दोघांसमोर, खाकी कपड्यातला अर्जुना अंगणात उभा राहिला. वाळला होता, पण धड होता. (त्याची पत्रं मागाहून एकगठ्ठा आली.) आईला मिठी मारून तो घरात शिरला आणि त्याचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं.

सयाजी आळीला सांगायला पळत सुटला. पायात वहाण नाही, डोळ्यांना धार लागलेली, तोंडातून एकच शब्द बाहेर पडत होता, "अर्जुना... अर्जुना..."

हरणाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिने सुपावरून मान वर केली नाही.

"आवं भावजी," ती म्हणाली, "आता काय अडाकलं दारात?"