रुसव्याचा पंचनामा

सन १९३६च्या माघ महिन्यात बारामतीच्या ढेपमापन कचेरीतल्या कुंडलिक कारकुनाने एक दिवसाची रजा मागितली. सात वर्षांच्या नोकरीतली ही त्याची पहिली रजा. अर्जात कारणापुढे त्याने एकच शब्द लिहिला होता : खासगी.

कचेरीचे काम गुळाच्या ढेपेचा घेर मोजून वहीत लिहिण्याचे. ढेप किती मोठी आहे हे खाणाऱ्याला दिसते, पण सरकारला दिसत नाही, म्हणून ही कचेरी. सात वर्षे दिवसभर फीत हातात धरून कुंडलिकाला अशी सवय जडली होती की पुढ्यात गोल वस्तू आली की त्याचा हात खिशात जायचा. अर्ज देण्याच्या चार दिवस आधी दुपारी जेवायला बसल्यावर त्याने भाकरीला फीत लावली आणि म्हणाला, "मागल्या आठवड्यापरास दोन बोटं कमी भरली."

त्याची बायको द्वारकाबाई चुलीपाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मग ढेपच खावा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेळगावला माहेरी निघून गेली.

माहेरी तिने कोणाला काही सांगितले नाही. आईला म्हणाली, पेरू खायला आले. बारामतीकडे येणाऱ्या एका गाडीवानाबरोबर मात्र तिने नवऱ्याला निरोप धाडला : एकटं या, गपचिप या, मी येते. पण ही गोष्ट गावात फुटली, तर पुन्हा उंबरा चढायची न्हाय. माझी शोभा झालेली मला चालायची न्हाय.

म्हणून खासगी.

हेडकारकून बापूसाहेबांनी अर्ज चष्म्याखालून वाचला, मग चष्म्यावरून वाचला.

"कुंडलिकराव, खासगी म्हणजे काय?"

"म्हंजी घरचं काम हाय जरा."

"ते ठीक. पण कारण खासगी आहे की नाही हे ठरवायचं कोणी? कचेरीनं. आणि कारण कळल्याशिवाय कचेरी ठरवणार कसं?"

"कारण सांगितलं, तर खासगी कसं ऱ्हाईल, बापूसाहेब?"

"त्यासाठी गोपनीय पाकीट असतं," बापूसाहेब मायेने म्हणाले. "कारण लिहा, आत घाला, लाख लावा. माझ्या कानालादेखील कळणार नाही."

कुंडलिक सरळ माणूस. त्याने भाकरी, फीत, दोन बोटे, सगळे खरे लिहिले आणि लाख लावली. बापूसाहेबांनी पाकिटावर लाल शाईने 'गोपनीय' असे लिहिले, आवकनोंदीची वही उघडली आणि अडले. वहीत 'विषय' असा रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता. त्यांनी पाकीट फोडले, आतले वाचले, आणि मोठ्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले : 'बायको रुसणे.' मग पुन्हा लाख लावली.

गोपनीय कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाने आपण तो वाचला नसल्याची सही द्यायची असा नियम होता. शिपाई गेणूपुढे वही आली. गेणू म्हणाला, "सही करतो, पन काय वाचलं न्हाय ते तरी कळू द्या. उद्या दुसरंच कायतरी वाचलं न्हाय म्हनून माझ्या गळ्यात यायचं." मुद्दा बिनतोड होता. बापूसाहेबांनी पाकीट पुन्हा फोडले आणि गेणूला सगळे वाचून दाखवले. बाहेर ढेपा घेऊन आलेली दहाबारा माणसे उभी होती, त्यांनाही ते आपोआप ऐकू गेले. त्यांच्याही सह्या घेण्यात आल्या.

कुंडलिकाच्या कानशिलांतून वाफ निघत होती. पण एका दिवसाचा प्रश्न आहे, उद्या शेळगावला पोचलो की मिटले, असे मनाशी म्हणून तो फीत घेऊन ढेपांकडे वळला.

तो दिवस उजाडला नाही. रजेच्या नियमांत ताप, सर्पदंश, लग्न आणि मयत एवढी कारणे होती. रुसवा नव्हता. बापूसाहेबांनी प्रकरण वर पाठवले. आठ दिवसांनी वरून विचारणा आली की रुसवा तात्पुरता आहे की कायम? रुसलेली व्यक्ती अर्जदाराची बायकोच आहे याला पुरावा काय? आणि हकिगत माहीत असलेल्या दोन त्रयस्थ इसमांचा दाखला का जोडलेला नाही?

"त्रयस्थाला कसं म्हाईत असंल?" कुंडलिकाने विचारले.

"नसेल तर माहीत करून द्यावं लागेल," बापूसाहेब म्हणाले. "पण गुप्तता राखून."

गुप्तता राखण्यासाठी बाजारच्या दिवशी दवंडी पिटवण्यात आली. हलगी वाजवत दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! कुंडलिक कारकुनाच्या बायकोचा रुसवा ही बाब गोपनीय आहे हो! ज्याला ठाऊक असंल त्यानं कुठं बोलू नये! ज्याला ठाऊक नसंल त्यानं कचेरीत येऊन काय बोलायचं न्हाय ते समजून घ्यावं हो!"

दोन त्रयस्थ हवे होते, दीडशे आले. ओटा पुरेना म्हणून गेणूने रांग लावली.

कुंडलिकाला रस्त्याने चालणे अवघड झाले. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारले, "दोन बोटं म्हंजी आडवी का उभी?" भाजीच्या बाजारात चंद्राबाई नावाच्या म्हातारीने त्याच्या पिशवीत फुकट मेथीची जुडी टाकली आणि म्हणाली, "भाकरी मोजायची नसती रं बाबा. मोडायची असती." हे त्याला त्या दिवशी पहिलेच शहाणपणाचे बोलणे वाटले, आणि डोळ्यांत पाणी आले. शेळगावची माणसेही याच बाजाराला येतात हे त्याला आठवले.

तो तडक कचेरीत गेला. "बापूसाहेब, मला रजा नको. अर्ज माघारी द्या."

"का नको?"

"खासगी..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. पण बापूसाहेबांनी तोवर दुसरे पाकीट काढले होते.

शेवटी जागेवर जाऊन तपासणी करायची असे ठरले. चांगला दिवस पाहून बापूसाहेब, गेणू आणि दोन निवडक त्रयस्थ छकड्यात बसून शेळगावला निघाले. कुंडलिकाने हात जोडले, "मलाबी न्या."

"तुम्हाला कसं नेणार? तुमची रजा मंजूर कुठं आहे?" बापूसाहेब छकड्यातून म्हणाले. "आणि कचेरीत कोणी तरी हवंच की."

अशा रीतीने कुंडलिकाच्या बायकोची समजूत काढायला सगळी कचेरी गेली आणि कुंडलिक तेवढा कचेरीत बसला. दिवसभर त्याने एकही ढेप धड मोजली नाही. एका ढेपेचा घेर तर त्याने 'शेळगाव' असा लिहिला.

दिवेलागणीला छकडा परत आला. गेणू त्याची नजर चुकवत होता.

"चावडीवर बसवलं वहिनींना," गेणू हळू आवाजात सांगू लागला. "सगळं गाव गोळा. बापूसाहेबांनी इचारलं, रुसवा कोनत्या तारखेपासनं? वहिनी म्हनल्या, कोन रुसलंय? मी पेरू खायला आले. तीनदा इचारलं, तीनदा पेरूच म्हनल्या. बापूसाहेबांनी तसंच लिवून घेतलं आन् अंगठा घेतला."

कुंडलिकाला हायसे वाटले. तिने त्याची आणि आपली, दोघांचीही लाज राखली होती.

"हायसं कसलं वाटतंय, भाऊसाहेब? रुसवा न्हाय, म्हंजी तुमी सरकारला खोटं कारण दिलं. नोकरी जायाची येळ हाय."

दुसऱ्या दिवशी खुलासा मागवणारा कागद त्याच्या हाती पडला. बायको रुसली असल्याचे तीन दिवसांत सिद्ध करा, नाही तर कामावरून कमी का करू नये ते कळवा. जी गोष्ट लपवायला कुंडलिक महिनाभर धडपडत होता, ती आता दारोदार हिंडून खरी करून द्यायची होती. त्याने लेखणी उचलली आणि खाली ठेवली. तिने तीन वेळा सांगितलेले खोटे ठरवायचे, तेही कागदावर, हे त्याच्याने होईना. नोकरी गेली तर गेली, असे ठरवून त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी, कचेरी उघडायच्या वेळेला, ओट्यावर द्वारकाबाई उभी होती. गेणूनेच शेळगावातून निघताना तिच्या कानावर नोकरीचे घातले होते. पदर खोचून ती सरळ बापूसाहेबांच्या मेजापुढे गेली.

"लिवा," ती म्हणाली. "मी रुसले हुते. यांनी भाकरी मोजली म्हनून रुसले. चावडीवर खोटं बोलले, ती माझी चूक. यांनी खरं लिवलं हुतं."

बाहेरचे त्रयस्थ खिडकीत दाटले होते. ती एकाकडेही पाहत नव्हती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तेवढ्या कुंडलिकाला दिसल्या.

बापूसाहेबांनी सगळे लिहून घेतले, वाळू टाकून शाई सुकवली आणि समाधानाने निकाल वाचला, "रुसवा सिद्ध. अर्जदार निर्दोष. मात्र रुसलेली व्यक्ती स्वतःहून परत आली असल्याने रजेचे कारण उरलेले नाही. सबब रजा नामंजूर." मग त्यांनी कुंडलिकाकडे पाहिले. "बसा कामाला. आधीच उशीर झालाय."

द्वारकाबाई पाच वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. दोघे बरोबरच घरी निघाले. कोपऱ्यावर कुंडलिक म्हणाला, "भाकरी मोजली, चुकलं माझं."

"आत्ता नगा बोलू," ती म्हणाली. "घरला गेल्यावर बोला. हितं लिवून घेत्यात."

पुढच्या वर्षी दोघांना मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जावेसे वाटले. कुंडलिकाने अर्ज लिहिला, 'चुलते दत्तोबा वारले, एक दिवस रजा मिळावी.' बापूसाहेबांनी अर्जाची घडीही पुरती उलगडली नाही. सही केली आणि हळहळले, "गेल्या वर्षी असं साधंसुधं कारण दिलं असतंत, तर एवढा व्याप झाला असता का?"

कुंडलिक मोरगावला गेला त्याच दिवशी दुपारी दत्तोबा स्वतः ढेप घेऊन कचेरीत आले. बापूसाहेबांनी नाव विचारले, गाव विचारले, पुतण्याची चौकशी केली. मग वहीत 'कै. दत्तोबा' असे लिहून त्यांच्या ढेपेचा घेर मोजला. मंजूर झालेला मृत्यू तोंडी रद्द करण्याची सोय नियमांत नव्हती.

वाचकांनी यावर पोटभर हसावे. हसून झाल्यावर आपल्या जुन्या अर्जांतल्या आज्या, मावशा आणि चुलते एकदा मोजावेत, आणि त्यांतल्या किती जणांना आज सकाळी चहा दिला, तेही आठवून पाहावे.