सुलभ प्रवासी

सुख मिळालं की माणूस समाधानी होतो, असा एक जुना गैरसमज आहे. नुसतं सुख मिळून भागत नाही; ते शेजारच्याला मिळालेलं नाही, याची खात्रीही पदरात पडावी लागते. मोठमोठ्या विचारवंतांना हे उमगायला आयुष्यं घालवावी लागली. आमच्या विमान कंपनीनं ते एका तिमाहीत, एकवीस आकृत्यांसह सिद्ध केलं.

मी या कंपनीच्या सन्मान कक्षात उपव्यवस्थापक आहे. जे लोक वारंवार आमच्याच विमानानं जातात, त्यांना पायरीपायरीनं मोठेपणा वाटून देणं हे आमचं काम. पायऱ्या चार: रौप्य, सुवर्ण, हिरा आणि सगळ्यांच्या डोक्यावर शिखर. (या चारांत न बसणाऱ्यांना 'प्रवासी' म्हणतात.) शिखर-सदस्य व्हायला वर्षाला एकशे वीस उड्डाणं लागतात. घरी फारसं कुणी वाट बघत नसेल तर हे बरंच सोपं जातं.

गेल्या वर्षी शिखर-सदस्यांत नाराजी असल्याची कुणकुण वरिष्ठांना लागली. आम्ही ताबडतोब एक हजार एकशे चाळीस सदस्यांना प्रश्नावली पाठवली. 'फायदे अपुरे वाटतात का?' याला एकाहत्तर टक्क्यांनी होकार दिला. 'कोणता फायदा हवा आहे?' ही जागा बहुतेकांनी कोरी सोडली. पण पुढे 'इतरांना मिळणाऱ्या कोणत्या सोयीचा आपल्याला त्रास होतो?' असा एक प्रश्न होता, आणि तिथे मात्र लोकांनी समासात लिहिलं, पुरवण्या जोडल्या. एका सदस्यानं कळवलं की सुवर्णवाल्यांना जे बिस्किट मिळतं तेच त्यालाही मिळतं. दुसऱ्यानं लिहिलं, मागच्या रांगांतले लोक खिडकीतून ढग बघून हसतात, तेव्हा मला आपण नेमकं काय कमावलं ते कळेनासं होतं.

सात जणांची सुधारणा समिती नेमली गेली. मी तिचा सचिव होतो. चौदा बैठकांत आम्ही पुष्कळ काम केलं. हात-तोंड पुसायचा रुमाल 'गरम'चा 'अधिक गरम' केला (तीन सदस्यांचे गाल भाजल्यावर 'सुखद गरम'). विमानाच्या दारात नावानं स्वागत सुरू केलं (उच्चार चुकल्यास दोनदा स्वागत). बिस्किटाचा प्रश्न सुवर्णवाल्यांचं बिस्किट बंद करून सोडवला. शिखरवाल्यांच्या समाधानात एवढी वाढ आजवर कुठल्याच खर्चानं झाली नव्हती. हा तर खर्चही नव्हता.

पंधराव्या बैठकीत 'हमखास जागा' ही योजना आली. विमान भरलेलं असलं, तरी उड्डाणाच्या एक तास आधीपर्यंत शिखर-सदस्यानं फोनमधलं बटण दाबलं की त्याला जागा मिळणार. संगणक विभागाचा एक माणूस चष्मा पुसत म्हणाला, "विमानात जागा एकशे ऐंशी आहेत. एकशे एक्याऐंशीवा बसणार कुठे?"

अध्यक्ष म्हणाले, "तो बसणारच. एकशे ऐंशीवा कोण, तेवढं तुमच्या यंत्रानं ठरवायचं."

यंत्रानं कुणाला उतरवावं याचे निकष मीच लिहिले. दर्जा शून्य असावा, म्हणजे पुढे कधी त्रास होणार नाही. प्रवासी एकटा असावा, म्हणजे सोबतचे भांडणार नाहीत. जवळ फक्त हातातली पिशवी असावी, म्हणजे विमानाच्या पोटातून सामान शोधत बसावं लागणार नाही. अशा माणसाला आमच्या कागदपत्रांत 'सुलभ प्रवासी' म्हणतात. हा शब्दही माझाच. त्याबद्दल मला मानपत्र मिळालं, ते टेबलामागे लावलेलं आहे.

योजनेचा पहिला मोठा लाभ मिळाला पंपवाल्यांना. हे गृहस्थ कारखान्यांना पाण्याचे अजस्र पंप विकतात. त्या वर्षी त्यांची एकशे त्रेसष्ट उड्डाणं झाली होती आणि आमच्या मदत-क्रमांकावरच्या मुली त्यांचा श्वास ऐकून त्यांना ओळखत. त्यांची आई दुसऱ्या शहरात एकटी राहत असे. एके दिवशी सकाळी सातला ती न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेलं आणि दोन फोन केले. एक पंपवाल्यांना, एक त्यांच्या थोरल्या बहिणीला. दोघंही आमच्याच शहरातले.

ताई शाळेत शिकवतात. त्यांनी साडेसातला मुख्याध्यापिकेला कळवलं, सकाळी अकरा वीसच्या विमानाची शेवटची जागा घेतली, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या आणि रिक्षात बसून भावाला फोन लावला. "मी निघाले रे. तूही ये लगेच." पंपवाले बैठकीत होते. त्यांनी "बघतो" म्हटलं. कोणत्या विमानानं निघालीस, हे काही विचारलं नाही.

दहाला बैठक संपल्यावर त्यांनी बटण दाबलं. नियमाप्रमाणे आमच्या मुलीचा फोन गेला. हा संवाद ध्वनिमुद्रित आहे.

"सर, विमान पूर्ण भरलंय. आपल्यासाठी एका प्रवाशाला उतरवावं लागेल. चालेल ना?"

"मला काय विचारता? कुणाला काढायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझी आई दवाखान्यात आहे."

"हो सर. काळजी घ्या सर."

यंत्रानं एकशे ऐंशी जण चाळून चार सेकंदांत माणूस काढला. दर्जा शून्य, एकटी, हातात कापडी पिशवी. आयुष्यातला तिसरा विमानप्रवास. लग्नानंतर आडनाव बदललेलं असल्यामुळे यंत्राला शंका यायचं कारण नव्हतं. (यंत्राला शंका येत नाही, पण पद्धत म्हणून नमूद केलं.)

विमानात चढायच्या फाटकावरच्या मुलीनं ताईंना बाजूला बोलावलं आणि उद्या सकाळच्या विमानाचा कागद हातात ठेवला. "मॅडम, आजच्या विमानात तुमची जागा राहिलेली नाही."

"अहो, मी तर सगळ्यात आधी येऊन बसलेय. माझी आई पडलीय, मला जायलाच हवं."

"मॅडम, एका सन्माननीय सदस्यांना तातडीनं जायचंय."

"त्यांचं काय एवढं तातडीचं?"

मुलगी नवी होती. खरं बोलून गेली. "त्यांचीही आई आजारी आहे."

ताई कागदाची घडी घालून म्हणाल्या, "मग जाऊ दे त्यांना. कुणाची का असेना, आईच ना."

असा प्रवासी मिळणं हे कोणत्याही कंपनीचं भाग्य. फाटकावरच्या मुलीला मात्र सदस्याचं खाजगी कारण परक्या व्यक्तीला सांगितल्याबद्दल नोटीस दिली गेली आणि तिचं तीन दिवसांचं शिबिर घेण्यात आलं.

पंपवाले दुसऱ्या दारानं, दोन मीटर लांबीच्या लाल गालिच्यावरून आत गेले. दारात त्यांचं दोनदा स्वागत झालं. ताई तेव्हा खांबाआडच्या बाकावर बसून त्यांनाच फोन लावत होत्या, मला उशीर होईल, निदान तू तरी पोच म्हणून. पंपवाल्यांनी फोन बंद केला होता आणि तोंडावर सुखद गरम रुमाल पसरला होता.

दवाखान्यात हाडांचे डॉक्टर त्यांचीच वाट बघत होते. "खुब्याचं हाड मोडलंय. आज चारला ऑपरेशनला घेतो. या वयात जितकं लवकर तितकं चांगलं. रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

पंपवाले म्हणाले, "एक पांढरी आहे."

"रक्त पातळ करायची घेतात का?"

"पांढरी आहे ती. छोटी."

शेवटी त्यांनी ताईंना फोन लावून तो डॉक्टरांच्या कानाला धरला. ताईंनी बाकावरूनच सात गोळ्यांची नावं, वेळा आणि कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठतात ते घडाघडा सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते आणि पंपवाले फोन धरून उभे होते. हात अवघडला तेव्हा त्यांनी तो बदलला. त्या दिवशी त्यांच्या हातून झालेलं हे सर्वांत उपयोगी काम.

मग फोन आपल्या कानाला लावून ते म्हणाले, "तू आहेस कुठे अजून?"

"विमानतळावर. मला अकरा वीसच्या विमानातून उतरवलं रे."

"अकरा वीसच्या?"

"हो. कुणाला तरी तातडीचं जायचं होतं म्हणे. त्याचीही आई आजारी होती."

पंपवाल्यांनी पुन्हा "अकरा वीसच्याच?" म्हणून विचारलं, तेव्हा ताईंना उलगडलं. त्या हसायला लागल्या. "अरे, म्हणजे आपलीच होय रे ती! बरं झालं बाई मी भांडले नाही."

पंपवाले हसले नाहीत. ते खोलीत गेले. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे दाराकडे बघितलं.

"ताई कुठंय?"

"उद्या येतेय. आई, इथे सही कर, चारला ऑपरेशन आहे."

"ती आली की करीन."

"अगं, मी आलोय ना!"

"तू आलायस, दिसतंय मला. बस." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दीड तास विनवण्या झाल्या, डॉक्टरांनी समजावलं, परिचारिकेनं समजावलं. आईनं पेन हातात घेतलं नाही. पंपवाले खाली उतरले आणि नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंसमोर उभे राहिले. सवयीनं त्यांचा हात पाकिटातल्या शिखर-सदस्यत्वाच्या काळ्या कार्डाकडे गेला होता.

"इथे प्राधान्य कसं मिळतं?"

बाई मान वर न करता म्हणाल्या, "जास्त लागलं असेल तर मिळतं."

चारची वेळ दुसऱ्या रुग्णाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या, आईनं न वाचता सही केली, ऑपरेशन संध्याकाळी झालं. तोवर पडून पडून छातीत कफ साठला होता. पाच दिवसांत घरी जाणारी बाई एकोणीस दिवस राहिली आणि आता चार पायांची काठी धरून चालते. ताईंनी बिनपगारी रजा काढली. पंपवाले तिसऱ्या दिवशी परतले, कारण एका कारखान्याला पंप बघायचा होता. त्यांना पुन्हा पहिल्या रांगेतली जागा देऊ शकलो, याचं कक्षाला समाधान आहे.

आठवड्यानं त्यांची लेखी तक्रार आली. मला वाटलं, योजना बंद करा म्हणतील. मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: 'माझ्या सख्ख्या बहिणीला उतरवण्यात आलं. विमानात आणखी एकशे एकोणऐंशी माणसं होती. त्यांतलं कुणीही चाललं असतं.'

चौकशीसाठी मला दवाखान्यात पाठवलं. ताई बाहेरच्या बाकावर आईच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी कंपनीच्या वतीनं खेद व्यक्त केला. त्यांनी विचारलं, "रांगेत माझ्या मागे एक बाई होती, कडेवर मूल घेऊन. मी नसते तर तिला उतरवलं असतं का हो?"

"छे. मूल असलं की आरडाओरडा होतो. तुम्ही सगळ्या दृष्टीनं योग्य होता."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढची साडी घेतली. मी अहवालात 'तक्रार नाही' असं लिहिलं.

या प्रकरणातून समितीनं धडा घेतला आणि 'आप्त-कवच' ही नवी सुविधा आणली. प्रत्येक शिखर-सदस्यानं चार माणसांची नावं द्यायची. त्यांना कुठल्याही शिखर-सदस्यासाठी उतरवलं जाणार नाही. तीन महिन्यांत आलेल्या नावांत साहेब बेचाळीस टक्के, मोठी गिऱ्हाइकं एकतीस, बायको-मुलं एकोणीस आणि आई-वडील चार टक्के आहेत. (उरलेल्या चार टक्क्यांनी चारही ठिकाणी स्वतःचंच नाव लिहिलंय.)

पंपवाल्यांनी मात्र पहिलं नाव ताईंचं घातलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अर्जात जन्मतारीख लागते. ती विचारायला त्यांनी फोन केला.

"कशाला हवीय?" ताई म्हणाल्या. पंपवाल्यांनी सगळं समजावलं.

"मग माझ्याऐवजी कुणाला उतरवतील?"

"ते मला काय माहीत?"

"विचार की त्यांना. तोवर माझं नाव नको घालूस."

त्यांनी खरंच आम्हाला विचारलं. मदत-क्रमांकावरची मुलगी म्हणाली, "सर, त्याची आपण अजिबात काळजी करू नका." त्यांनी काळजी सोडली. ताईंच्या जागी आता त्यांच्या दंतवैद्याचं नाव आहे.

कवच लोकांसमोर आणण्यापूर्वी सामान्य माणसाला ते कसं वाटतं हे तपासावं, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. म्हणून मी ही सगळी हकिकत, तुम्हाला सांगितली तशीच, शंभर साध्या प्रवाशांना बसवून सांगितली. सत्त्याण्णव जण पंपवाल्यांवर भयंकर चिडले. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं तिथे अकरा जणांनी डोळे पुसले. कंपनीलाही पुष्कळ शिव्या मिळाल्या, त्या मी टिपून घेतल्या. शेवटी म्हटलं, काही शंका असतील तर विचारा. नव्वद हात वर झाले. नव्वदही जणांची शंका एकच होती: शिखर-सदस्यत्वाच्या एकशे वीस उड्डाणांत परतीचं उड्डाण वेगळं धरतात का?

धरतात. तुम्हीही तेच विचारणार होतात, म्हणून सांगून ठेवलं.