उसना बांगडा

शेजारी साखर उसनी मागतात, विरजण मागतात. आखातातल्या अल हैलच्या आमच्या बिल्डिंगमधले लिमये बांगडा मागायचे. तोही तासाभरासाठी!

"वहिनी, आज शुक्रवार. बांगडे आणलेच असतील. दोन द्या, चित्र झालं की परत."

आणि खरंच परत आणायचे. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून वर कढीलिंबाची डहाळी ठेवून. माणूस इतका शाकाहारी, की अंड्याच्या ट्रेवरूनही नजर वळवायचा. बांगडा उचलायला त्यांनी खास स्टीलचा चिमटा ठेवला होता.

हे खूळ आलं एका पुस्तकातून. लिमये ड्राफ्ट्समन. त्यांचा गोरा साहेब मायदेशी जाताना मदिनत सुलतान काबूस वस्तीतला व्हिला रिकामा करत होता, तेव्हा त्याने एक जाडजूड पुस्तक यांच्या गळ्यात मारलं. जुन्या फ्लेमिश चित्रकारांची चित्रं. टेबलावर मेलेले ससे, उलटे टांगलेले तितर, मासे, द्राक्षं, अर्धवट सोललेलं लिंबू.

"अगं बाई! हा तर मंडईचा कट्टा," मी म्हटलं.

"कट्टा नव्हे वहिनी, हे भरलेलं घर आहे."

तेव्हापासून "आमच्या फ्लेमिश लोकांत असं नसतं" हे पालुपद सुरू झालं. जशी काही सासुरवाडीच तिकडची! ससा मिळेना, म्हणून आमच्या ह्यांनी भाबडेपणाने फ्रीझरमधली कोंबडी देऊ केली. लिमये उखडले. "पिसं कुठायत? आमच्या फ्लेमिश लोकांत नागवी कोंबडी नसते!"

मासा टिकावा म्हणून एसी सोळावर. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि आत हे स्वेटर-माकडटोपी घालून बांगड्यासमोर ध्यान लावून बसलेले. सगळं जमायचं, माशाचा डोळा तेवढा जमायचा नाही.

"डोळा मेलेला दिसतोय, वहिनी."

"अहो, मेलाच आहे तो!"

त्यातच साठी आली आणि व्हिसा खलास. रविवारचं विमान. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी बांगडे नेले ते दुपारी दोन वाजले तरी परत नाहीत. आमच्याकडे पाहुणे, मसाला वाटून तयार. मी तणतणत वर गेले.

"भाऊजी, बांगडे द्या! पाहुण्यांनी काय चित्र चाटायचं?"

लिमये हसले नाहीत. ब्रश तसाच हातात.

"आज पुरं व्हायलाच हवं, वहिनी. घरी न्यायचंय. आमची नीला कारवारची. लग्न होऊन आली, तेव्हापासून पुण्याच्या घरात तिने मासा आणला नाही. आईला चालायचं नाही. पण आई जाऊन नऊ वर्षं झाली. 'आण गं, मला चालेल,' एवढं फोनवर सांगायला माझी जीभ उचलली नाही. आता तोंडावर काय बोलणार? म्हटलं, जेवणाच्या टेबलावर हे चित्रच लावावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बांगडे तिथेच ठेवून मी खाली आले आणि पाहुण्यांना पिठलं वाढलं.

दोनेक महिन्यांनी नीलावहिनींचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. भिंतीवर ते चित्र, डोळा जरा तिरळाच झालेला. खाली ताटात तळलेला बांगडा. सोबत लिहिलं होतं :

"हे स्वतः खात नाहीत. पण नाकाला रुमाल बांधून शेजारी बसतात, आणि त्यांच्या त्या चिमट्याने मला एकेक काटा काढून देतात."