सबनीसकाकांचं विमान

आमच्या नारायण पेठेतल्या मजल्यावरचे सबनीसकाका कॉम्प्युटर सुरू करण्याआधी गॅस बंद करतात, दाराला कडी लावतात आणि मोठ्यांदा म्हणतात, "चला, निघूया."

निघतात कुठे, तर खुर्चीत. विमान चालवायचा गेम आहे त्यांच्याकडे. बाकी हा माणूस कधी कुठे निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. जन्म गेला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. रांगेतल्या माणसाने जरा कुरकुर केली की आतून आवाज यायचा, "घाई कसली?" घरीही तेच. दूध उतू जात असतानासुद्धा तेच.

याच माणसाने यंदा घाईघाईने नवीन ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. जुन्यात म्हणे डोंगर बटाट्यासारखे दिसायचे. नव्यात छान दिसू लागले, पण विमान डोंगरापाशी पोचलं की कॉम्प्युटर फट्दिशी बंद!

मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत पगारपत्रकं बघते. पण पेठेत आयटी म्हणजे आयटी. मला बोलावणं आलं. मी गेले, वायरी दाबल्या, उगाच गंभीर चेहरा केला. अर्धा तास विमान उडालं, काही झालं नाही. घरी येऊन चहा टाकते तोच काकांचा फोन. "बंद पडलं. तू समोर असलीस की चालतं. उद्यापासून इथेच राहायला ये."

असं तीन-चारदा झालं. मला तर वेड लागायची पाळी आली.

मग एका रविवारी दुपारी मी न कळवताच खिरीची वाटी घेऊन गेले. "थांब, विमान हवेत आहे," काका आतून ओरडले. बऱ्याच वेळाने कडी निघाली. बघते तर काय, चालू कॉम्प्युटरच्या डब्यावर झालर लावलेलं निळं इरकली कव्हर, पार खालपर्यंत ओढलेलं. हात लावला तर तवा!

"अहो काका, हे चालू असताना घालता?"

"मग? धूळ बसते."

"आणि मी येते तेव्हा?"

"तेव्हा काढून कपाटात ठेवतो. तुझ्या हातांचा काय भरवसा?"

मी कपाळाला हात लावला. जुनं कार्ड तापत नव्हतं, हे नवं डोंगर काढताना सडकून तापतं. हवा मिळाली नाही की जीव वाचवायला बंद पडतं. "कव्हर काढा, संपला प्रश्न," मी म्हटलं.

या घरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला कव्हरं, सगळी काकूंनी शिवलेली. हे शेवटचं, त्यांच्या साडीचं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

"हिला विमानातून हिमालय बघायचा होता," ते म्हणाले. "दर उन्हाळ्यात म्हणायची. मी म्हणायचो, घाई कसली, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झालो, तर म्हटलं गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. गुडघा बरा झाला आणि ही गेली. साऱ्या गावाला तिकिटं दिली गं मी, हिलाच तेवढं दिलं नाही." त्यांनी झालरीवरून हात फिरवला. "म्हणून हिला घेऊन जातो. आता हे काढून एकटाच जाऊ?"

मी कव्हर हळूच काढलं, स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणली, काकांच्या खुर्चीला लावून ठेवली आणि तिच्या पाठीवर ते नीट पसरलं.

काका खुर्चीकडे बघत राहिले. मग उठून गॅस पुन्हा तपासला, कडी लावली. "चला, निघूया."

या वेळी डोंगर आले, त्यांच्यामागून बर्फाची शिखरं आली, कॉम्प्युटर चालू राहिला. काकांनी विमानाचा वेग कमी केला, आपली खुर्ची जरा मागे घेतली आणि शेजारी वळून म्हणाले, "बघ निवांत. घाई कसली?"