डाव्या बुटाचं दुकान

व्यापारामुळे माणसं एकमेकांच्या जवळ येतात, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. ज्यांना ती अजून मान्य नाही त्यांनी चढावरच्या रस्त्यावरची, एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली दोन बुटांची दुकानं पाहावीत. डावीकडच्या दुकानात फक्त डावे बूट मिळतात. उजवीकडच्या दुकानात फक्त उजवे. (दुकानं नेमकी त्या त्या बाजूला असणं हा योगायोग आहे. व्यापारी मंडळाच्या अहवालात त्याला नियोजन म्हटलं आहे.)

मूळ दुकान एकच होतं. आपली दोन्ही मुलं भांडखोर आहेत हे वडिलांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून जाताना त्यांनी दूरदृष्टीने वाटणी केली. डाव्या पायाचे सगळे लाकडी साचे थोरल्याला दिले आणि उजव्या पायाचे सगळे धाकट्याला. एकाचं दुसऱ्यावाचून अडलं की दोघं आपोआप एकमेकांना धरून राहतील, असा त्यांचा होरा. तो अर्धा खरा ठरला. एकाचं दुसऱ्यावाचून अडू लागलं. गिऱ्हाइकाने आधी कुणाच्या दुकानात शिरायचं यावरून महिन्याभरात दोघांचं वाजलं, मधे भिंत आली आणि बोलणं बंद झालं. त्याला नऊ वर्षं झाली. आई वरच्या मजल्यावर राहते, कारण वरच्या मजल्यावर भिंत घालण्याबाबत दोघांचं एकमत झालं नाही.

अशा वेळी सामान्य माणूस दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालतो. मंडळाने तसला उथळपणा केला नाही. मंडळाने जोडसमन्वयक नेमला. हा जोडसमन्वयक, म्हणजे थोरल्याचा जावई, रोज सकाळी सासऱ्यांकडून रंग, चामडं आणि टाचेची उंची ऐकून घेतो, दारातून बाहेर पडतो, अकरा पावलं चालतो आणि चुलतसासऱ्यांना ते सगळं सांगतो. अकरा पावलांत माणूस किती विसरणार? पण तपकिरी रंग पलीकडे पोचेपर्यंत जरा लालसर होतो आणि टाच अर्ध्या बोटाने कमी-जास्त होते.

त्या अर्ध्या बोटाने रस्त्याचं नशीब उघडलं. लोक लंगडू लागले. टाचेखाली घालायच्या चकत्या कापणारा एकजण समोर येऊन बसला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी कोपऱ्यावर दवाखाना टाकला, तिथे चढ असल्यामुळे रोगी आपसूक आत येतात. धाकट्याच्या मेहुण्याने काठ्यांचं दुकान काढलं आणि ते असं चाललं की काठ्यांना पॉलिश करणारा वेगळा माणूस ठेवावा लागला. काठ्या ठेवायला लोकांनी घरात स्टँड घेतले, त्यामुळे सुताराचंही भलं झालं. पूर्वी या रस्त्यावर वर्षाला नऊशे जोड विकले जात. आता अठराशे बूट विकले जातात. मंडळाने ही वाढ शंभर टक्के असल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या. (टाळ्या वाजवण्यासाठी काठ्या काखेत धराव्या लागल्या.)

या सगळ्या भरभराटीत एकटा थोरला मनातून खट्टू असे. उजवा बूट त्याला डोळे मिटूनही करता आला असता, साचा नसला तरी. पण वडिलांनी केलेली वाटणी मोडायची नाही, हा एकच मुद्दा असा होता की ज्यावर दोघा भावांचं न बोलता एकमत होतं. शिवाय त्याला भावाची आठवण येई. भिंतीपलीकडे हातोडीचे ठोके बंद झाले की याचा हात थांबे आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत याचं कामात लक्ष लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी आई जिन्यावरून पडली. पायात दोन्ही मुलांनी केलेला एकेक बूट होता. फार लागलं नाही (मंडळाने ही घटना 'वैद्यकीय सेवांच्या मागणीत वाढ' या सदरात घेतली आहे), पण त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. खिडकीतून रस्ता बघत बसे. एका दुपारी तिने थोरल्याला वर बोलावून घेतलं.

"तुम्ही दोघांनी एकत्र बसून जोड केलात तर मी खाली येईन," ती म्हणाली. "निरोपावरचे बूट मला नकोत."

थोरला खाली आला. अर्धा झालेला डावा बूट हातात घेतला आणि जावयाची वाट न बघता ती अकरा पावलं स्वतः चालून गेला. धाकटा खाली मान घालून शिवत होता.

"टाच किती ठेवायची?" थोरल्याने विचारलं. इतक्या वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"तुझ्याएवढीच," धाकटा म्हणाला. "तुझ्या दुकानाच्या काचेतून बघून येतो मी रोज, दादा. सांगायला येणारा वेगळंच सांगतो म्हणून मग तसं करतो."

संध्याकाळपर्यंत दोघं मांडीला मांडी लावून बसले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, कारण फारसं बोललेच नाहीत. आई ते बूट घालून जिना उतरली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच सरळ परत आली. सगळा रस्ता दारात येऊन बघत होता. काठीवाला आत गेला आणि त्याने मंडळाला फोन लावला.

तातडीची सभा बसली. अध्यक्षांनी भावांच्या प्रेमाबद्दल आदर व्यक्त केला आणि मग शांतपणे विचारलं की दोघं असे बोलू लागले तर जोडसमन्वयकाने काय करावं, काठीवाल्याने कुठे जावं, डॉक्टरांनी कर्ज काढून घेतलेल्या मशीनकडे बघत बसावं का. थोरल्याने जावयाकडे पाहिलं. जावई जमिनीकडे बघत होता. लेकीला सातवा महिना होता. धाकट्याने काठीवाल्या मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्यानेही मान खाली घातली. दोघांच्या अबोल्यावर इतकी घरं उभी असतात, याचं एवढं सुरेख उदाहरण सभेने पूर्वी पाहिलं नव्हतं.

ठराव एकमताने झाला. भावांनी बोलू नये. आईचा तो जोड परस्पर सहकार्याचं प्रतीक म्हणून मंडळाच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवावा. आईला त्याऐवजी रीतसर मार्गाने तयार झालेला नवा जोड आणि एक काठी भेट द्यावी. आई पुन्हा खिडकीत बसू लागली.

सही करण्यापूर्वी थोरल्याने एक कलम मात्र हट्टाने घालून घेतलं. बूट नीट बसत नाहीत अशी एका जरी गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर दोघांनी एकत्र बसून त्याचा जोड करून द्यावा, आणि मग पुढचेही सगळे तसेच करावेत. (नात्यातल्या माणसांची तक्रार चालणार नाही, ही दुरुस्ती अध्यक्षांची.) एकच तक्रार पुरे होती. थोरला तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही बूट आपल्याच दुकानात घालून चालायला लावतो आणि त्याच्या तोंडाकडे आशेने बघत राहतो.

मागच्या वर्षी तुम्हीही गेला होतात. दोन पावलं टाकलीत, उजव्या बाजूला झुकलात, जमिनीवर पाय आपटून पाहिलात. थोरला तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. "कुठे टोचतंय का? असेल तसं सांगा," त्याने विचारलं, आणि एकदाच नव्हे, तीनदा विचारलं.

तुम्ही म्हणालात, "नाही हो, छान आहेत. वापरून होतील सैल," आणि काठीचं दुकान कुठे आहे ते विचारलंत.