दुपदरी फडकं

शिरोळेअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, घोट्याकडे बघतात. बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या पायांची पाहणी केली, "ठीक" म्हणाले आणि उतरले. तीन वर्षं झाली, मी नवीन बूट घेतले की अजून आठवडाभर ओळख देत नाहीत.

दुसरी खोड म्हणजे खिशातलं पांढरं दुपदरी फडकं. कुणाच्याही घरी गेले, तरी पाणी त्यातून गाळूनच पितात. कंपनीने दिवाळीला दिलेला फिल्टर मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी वॉरंटी विचारली. एक वर्ष म्हटल्यावर फडकं झटकत म्हणाले, "याला तीस झाली."

अण्णा आरोग्य खात्यात होते. उभी नोकरी नारूच्या मागे फिरण्यात गेली. आता नारू म्हणजे काय, हे आमच्याकडच्या तरुण मंडळींना सांगावं लागतं, आणि अण्णा ते नेमकं जेवणाच्या वेळी सांगतात. दोऱ्यासारखा, हातभर लांब जंत. अळी असताना न गाळलेल्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षाने पायातून बाहेर निघतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, की अळ्या पुन्हा त्याच पाण्यात. गावोगाव बंधारे झाले, तळी झाली आणि आत उतरायला पायऱ्या झाल्या.

"पाणी अडवलं ते उत्तम केलं," अण्णा म्हणतात. "पायऱ्या कुणी सांगितल्या होत्या?"

आणि आमच्या बिल्डरने मागचा ओढा अडवून शोभेचं तळं केलं, पायऱ्यांसकट. झालं, अण्णांनी तिथे खुर्ची टाकली. आयटीतली मंडळी शनिवारी पाण्यात पाय सोडून बसायला आली, की हे आधी घोटे तपासणार. मी समजावलं, की अहो, हे पाणी कुणी पीत नाही, आणि नारू तर देशातून कधीच गेला.

"गेला नाही, घालवला," ते म्हणाले.

तक्रारी वाढल्या. खुर्ची हलवावी, असा कमिटीने ठराव केला आणि सेक्रेटरी म्हणून त्यावर मीच सही केली. त्यानंतर अण्णा कुणाच्या पायांकडेही बघेनासे झाले. मला वाईट वाटलं, पण सही ती सही.

दोन दिवसांनी ते ठरावाची प्रत परत करायला आले. माझी आई गावाहून आली होती, दारात पाय पसरून लसूण सोलत बसली होती. सवयीने अण्णांची नजर खाली गेली. तिच्या उजव्या घोट्यावर एक जुना वण आहे. मी लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नाही.

अण्णा आमची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "किती दिवस लागले?"

"दीड महिना," आई म्हणाली. "काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर. खात्याचा माणूस सायकलीवर यायचा. ओढू नका, तुटंल, म्हणायचा."

"तुटला की पाय जायचा."

"तेच म्हणायचा तो."

आई आत गेली. आमचा फिल्टर तिला कधी पटलाच नव्हता. माठातलं पाणी तिने दुपदरी पदरातून गाळलं आणि पेला आणून ठरावाच्या प्रतीवरच ठेवला. अण्णांचा हात खिशाकडे गेला, थांबला. त्यांनी ते पाणी तसंच प्यायलं.

"आमची ही गेल्यापासून," ते म्हणाले, "कुणी गाळून दिलं नव्हतं."

हे सांगताना ते आईच्या तोंडाकडे बघत होते. अण्णांचे डोळे घारे आहेत, हे मला तेव्हा कळलं.