राऊतभावोजींचं कॅलेंडर

आमच्या शेजारचे राऊतभावोजी घोट घेतला की कॅलेंडर वाचायचे. तेही मोठ्याने. दोन खोल्यांत भिंत एकच, त्यामुळे मला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "शुद्ध नवमी... प्रदोष... पंचक समाप्ती..." आधी वाटलं, माणूस देवभोळा असेल. छे! देवभोळा कसला, खाटेखाली बाटल्यांची रांग.

आमच्या यांना तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिक सोडून बोईसरला आलो, आणि नशिबात हा शेजार आला. भावोजी बेकरीत भट्टीवर कामाला. एकटा जीव. बेकरीत उरलेलं यीस्ट कागदात गुंडाळून आणायचे, नानकटाईची सांडलेली साखर आणायचे. त्यात कधी जांभळं, कधी पिचके चिकू, एकदा तर कलिंगडाच्या साली! बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणीला कान लावून आतले बुडबुडे ऐकत बसायचं.

"वहिनी, ऐका, बोलतंय!"

"बोलू दे. मला नका बोलवू मधे," मी म्हणायची.

वर एक पालुपद ठरलेलं. "यात नवसागर नाय हां वहिनी. हातभट्टीवाले घालतात तसलं काय नाय. नुसती साखर नि यीस्ट." जशी काही मी पेला घेऊन दारात उभीच होते!

मे महिन्यात मी अंगणात उडदाचे पापड वाळत घातले होते, त्यांच्या खिडकीखाली. भर दुपारी आत फाडकन बाटली फुटली आणि चिकूचा फेस खिडकीतून थेट माझ्या पापडांवर. माझं डोकंच फिरलं.

"पोलिसात देते तुम्हाला! एकूण एक बाटली गटारात ओता, आजच्या आज!"

भावोजींचा चेहरा उतरला. "रविवारपर्यंत राहू द्या वहिनी. पाया पडतो."

रविवारी सकाळी सायकलला पिशवी लावून निघाले कुंभवलीला. विकतोय मेला, मी मनात म्हटलं. तिथे त्यांचा भाऊ राहतो एवढं ठाऊक होतं. मग मीही डागाळलेले पापड वर्तमानपत्रात बांधले, रिक्षा केली आणि घर विचारत विचारत गेले.

ओट्यावर एक माणूस बसला होता. मी नमस्कारबिमस्कार काही न करता सुरू झाले. भावाचे सगळे प्रताप सांगितले आणि पापड त्याच्या नाकासमोर धरले. त्याने हवेत चाचपडत हात पुढे केला, बोटांनी पापड चाचपला.

"पापड हाय का?"

त्याला दिसत नव्हतं.

आतून भावोजी आले. मला बघून दचकले, मग हळूच म्हणाले, "हा सदू. चार वर्सांपूर्वी शिमग्याला हातभट्टीची प्यायला नि सकाळी उठला तो असा. डॉक्टर म्हणला, दारूत विष होतं."

"आणि तरी तुम्ही त्याला पाजता? लाज नाही वाटत?"

सदूच हसला. "यानं नाय दिली तर मी नाल्यापल्याड गुत्त्यावर जातो, वहिनी. वाट पाठ हाय मला. डोळे नाय लागत."

"म्हणून मी आधी पितो," भावोजी म्हणाले. "मग बारीक अक्षर वाचतो. वाचता आलं तरच याला देतो."

त्यांनी पिशवीतली बाटली काढली, घोट घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. "वैशाख... वद्य..." थांबले. नाक टेकेल इतके जवळ गेले. डोळे चोळले.

"अक्षरं पुसट दिसतात, वहिनी. पंधरा दिवस झाले." त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. "चार वर्सं मी याला काय पाजलं?"

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्यापासून हातभर लांब धरलं. "आता?"

"आता दिसतंय."

"अहो, चाळिशी लागली तुम्हाला! विष नाही नि बीष नाही. उद्या जाऊन चष्मा करा!"

पण माणसाला पटेना. बाटली पोटाशी धरून खालीच बसले. "नाय, नाय. आता नाय देणार."

"बरं," सदू म्हणाला आणि भिंतीशी ठेवलेली काठी शोधू लागला. काठी सापडली. तो उठला. पाय बरोबर नाल्याच्या दिशेने वळले.

मी आयुष्यात कधी या गोष्टीला शिवले नव्हते. भावोजींच्या हातातून बाटली ओढली आणि एक घोट घेतला. शी! भांडी विसळलेलं पाणी परवडलं. चार वर्षं खटपट करून ही चव!

पदराने तोंड पुसलं, कॅलेंडर समोर धरलं आणि पलीकडच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं, "वैशाख वद्य चतुर्थी. संकष्टी."

सकाळपासून माझ्या तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

सदू थांबला. काठी भिंतीला टेकवली, ओट्यावर परत बसला आणि हात पुढे केला.

"दे रे दादा," तो म्हणाला. "वहिनींना दिसतंय."